ज्या नावाला पान नाही

१

मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सवाल्यांची जी रांग आहे, तिच्या टोकाला 'हर्षा ग्राफिक्स'. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षाकाठी दोन-चार पुस्तकं, असा तिथला पसारा. पत्रिका काय, संगणकावर कुणीही लावतं. पुस्तक नीट लावणारी माणसं जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, आणि पुस्तकामागची नामसूची करणारी एकटी हर्षा. नागपूरचे प्रकाशक नाक मुरडत का होईना, सूचीसाठी फाइल तिच्याकडेच पाठवत.

सूची म्हणजे कुठलं नाव कुठल्या पानावर आलंय ते सांगणारी, पुस्तकाच्या अगदी शेवटी असते ती. लोकांना वाटतं, संगणक करून देतो. देतो, पण आधी त्याला नावा-नावावर खूण करून द्यावी लागते. मग बटण दाबलं की तो खुणा गोळा करतो आणि नावं अकारविल्हे लावतो. त्यातही जोडाक्षरं आली की त्याची भंबेरी उडते. ती नावं हर्षा एकेक उचलून जागेवर बसवायची. कोण कुणाच्या आधी, कोण कुणाच्या मागे, हे आपण ठरवायचं, यात तिला भारी सुख होतं.

या खेपेचं पुस्तक घरचंच होतं. तिचे यजमान वासुदेवराव शाळामास्तर. त्यांचं करंजबोडी गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्या गावाच्या आठवणी त्यांनी दहा वर्षं खपून लिहिल्या होत्या. धानाच्या पहिल्या बांधीपासून शेवटच्या घरापर्यंत सगळं त्यात होतं. आणि त्यांची पहिली बायको मंदाबाई, तीही होती. गाव उठलं त्याच वर्षी ती त्या पाण्यात गेली. हर्षा घरात आली ती त्यानंतर चार वर्षांनी.

पुस्तक लावता लावता हर्षानं सगळं वाचलं होतं, आणि वाचता वाचता तिच्या पोटात दुखू लागलं होतं. हे पोटदुखणं औषधाचं नव्हे. जित्या सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात. मेलेली सवत कुठं पकडायची? ती म्हातारी होत नाही, तिचा आवाज चढत नाही, तिचं वरण कधी खारट होत नाही.

"माझ्यावर दोन ओळी लिहाल का जी?" तिनं एकदा चहा देताना विचारलं होतं.

"तुझ्यावर?" वासुदेवराव खरोखरच गोंधळले. "पुस्तक त्या साली संपते ना. तू तर त्याच्यानंतर आली. कोठी बसवू तुले?"

चुकीचं काहीच बोलले नाहीत. दुखलं ते म्हणूनच. सगळ्या पुस्तकात हर्षाचं नाव एकाच ठिकाणी होतं, मुद्रणाच्या पानावर, बारीक टायपात: 'अक्षरजुळणी: हर्षा ग्राफिक्स, मोहाडी'. ते पान सूचीत धरत नाहीत.

२

वासुदेवरावांनी मंदाबाईचं नाव मात्र पुस्तकभर एकदाही लिहिलं नव्हतं. त्यांच्या घरात बायकोचं नाव घेत नाहीत. सगळीकडे आपलं 'मोनूची आई'. मोनूची आई धानाच्या रोवणीला गेली, मोनूच्या आईनं वडे केले, मोनूची आई म्हणाली. हर्षाला मात्र ते सरळ नावानं हाक मारत. हर्षा, चहा ठेव. हर्षा, माझा चष्मा कुठी आहे? लग्नानंतर तिला याचं कौतुक वाटलं होतं, नवरा नव्या विचारांचा म्हणून. आता वाटायचं, जिचं नाव घेत नाहीत तीच खरी बायको. आपण नावाच्या.

मंदाबाईची ही मोनू आता नागपूरला नर्सिंग शिकत होती. ती हर्षाला मावशी म्हणायची. गोड म्हणायची, पण मावशी.

सूचीचा नियम असा की माणूस आपल्या नावाखाली यावा. 'मोनूची आई' असं सूचीत टाकता येत नाही, तिथे मंदा हेच नाव हवं. दुपारी रस्ता ओस पडला होता, पंखा कुरकुरत होता. हर्षानं 'मोनूची आई' हे शब्द निवडले, खुणेची खिडकी उघडली आणि नावाच्या चौकटीत टाइप केलं: हर्षा.

मग तिनं मनाशी वाद घातला. आज रेशनकार्डावर त्या घरची बाई कोण? मोनूचा ताप कोणी काढला, दहावीचा डबा कोणी केला? नागपूरचा वाचक थोडाच करंजबोडीला विचारायला जाणार आहे? आणि वासुदेवराव, ते सूची वाचत नाहीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार, हे तिला कळत होतं. पण बीळ रिकामंच आहे की, असं तिनं स्वतःला सांगितलं.

एकेक जागा तपासून खूण करायची तिची शिस्त. त्या दिवशी तिनं ती मोडली. 'ॲड ऑल' दाबलं. पुस्तकात जिथे जिथे 'मोनूची आई' होतं तिथे तिथे एका झटक्यात हर्षाच्या नावाची खूण बसली. मग तिनं सूची काढली.

ह हे शेवटाजवळचं अक्षर. या पुस्तकात ह मध्ये दुसरं कुणी नव्हतं आणि पुढे क्ष-ज्ञ मध्येही नव्हतं, म्हणजे पुस्तकाची अगदी शेवटची ओळ तिची यायला हवी होती. आली नाही. शेवटची ओळ 'सोनेगाव' होती.

हर्षा सापडली ती म मध्ये. 'मंडई' आणि 'मामा तलाव' यांच्या मधे: हर्षा, २३, ४१, ७८, ११२, १६७.

३

असं होतं कधीकधी. खुणेच्या खिडकीत आणखी एक चौकट असते, नाव छापायचं एक आणि लावायचं दुसऱ्याच अक्षराखाली, अशी सोय. तिथे काही चुकून टाइप झालं असणार म्हणून तिनं पाहिलं. चौकट रिकामी होती. तिनं ओळ उचलून शेवटी नेऊन ठेवली, सूची पुन्हा काढली. ओळ पुन्हा मंडई आणि मामा तलाव यांच्या मधे. त्या जागी अकारविल्हेनं बसेल असं एकच नाव तिला सुचत होतं, आणि ते तिनं कुठे टाइपही केलं नव्हतं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या विनोदला तिनं बोलावलं. त्यानं स्क्रीनकडे पाहून डोकं खाजवलं.

"वहिनी, सॉफ्टवेअर कोठून आणलं?"

"तुम्हीच तर टाकून दिलं होतं."

"मंग बग असंल," विनोद म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेला.

बग, म्हणजे सॉफ्टवेअरची चूक असेल, हर्षाला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

संध्याकाळी भाताची पेज काढताना भांड्याचं झाकण सटकलं आणि तिचं डावं मनगट भाजलं. वासुदेवराव धावत आले. त्यांनी तिचा हात धरून नळाखाली धरला, फुंकर घातली. बारा वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या हातावर कधी फुंकर घातली नव्हती.

"किती येळा सांगितलं, फडकं दुहेरी घेत जा," ते म्हणाले. मग अगदी हळू, जुन्या सवयीनं म्हणावं तसं, "मोनूची माय, तुले काही समजत नाही."

हर्षाचे डोळे भरून आले. मनगट चुरचुरत होतं तरी त्या रात्री तिला झोप छान लागली.

४

मग सगळं तिच्या मनासारखं होऊ लागलं, आणि माणसानं खरं तर तिथेच घाबरायचं असतं.

सासूबाई ललिताबाई वाटण वाटून देताना म्हणाल्या, "रोवणीच्या गाण्यात तुझा आवाज असा निघे की बाकीच्या बाया चूप बसत."

"मी कधी गेली रोवणीले, आत्याबाई? मी तर भंडाऱ्याच्या शहरात वाढली."

"घे आता," म्हातारी हसली. "येवढी विसरली काय? चिखलात तुझी चप्पल गेली होती, ते पण विसरली?"

वय झालं, हर्षानं मनाशी म्हटलं. पण दुकानात पत्रिका लावता लावता ती गुणगुणत असायची, आणि एकदा तिनं कान देऊन ऐकलं तर ते कुठलंसं रोवणीचं गाणं होतं. चाल ठसठशीत होती. शब्द तिच्या तोंडातून निघत होते आणि पुढचा शब्द कोणता ते तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी मोनूचा फोन आला. "आई, परीक्षा झाली की येते. लाखोळीचे वडे करून ठेवजो."

इतक्या वर्षांनी आई. हर्षा ओट्याला टेकली. किती वाट पाहिली होती तिनं या शब्दाची. आणि तरी पहिला विचार आला तो हा, की लाखोळीच्या डाळीचे वडे मी या पोरीला कधी करून घातले?

घास घेता घेता वासुदेवराव आता तिच्याकडे बघत राहायचे. ती नजर तिला हवी होती, बारा वर्षं हवी होती. आता मिळाली तर ती सोसवेना. ते तिच्याकडे बघत होते, पण बघत होते कुणाला? पूर्वी सवतीचा हेवा वाटायचा तो भिंतीवरच्या तिच्या फोटोचा. आता स्वतःच्या तोंडाचा वाटू लागला. स्वतःच्या हाताच्या वड्यांची तारीफ ऐकून ती जळायची.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या तिनं फाइल काढली आणि सूचीतली पानं एकेक करून वाचली, मन लावून, पहिल्यांदाच. तेवीस: नव्या नवरीनं पेज काढताना मनगट भाजून घेतलं, डावं. एकेचाळीस: रोवणी, गाणं, चिखलात गेलेली चप्पल. अठ्ठ्याहत्तर: वडे. एकशे बारावर मोनूच्या जन्मानंतरच्या पाठदुखीचं होतं, आणि हर्षाची पाठ चार दिवसांपासून धरली होती. कधी मूल झालं नव्हतं तिला.

उरलं एकशे सदुसष्ट. गाव उठलं होतं. छपरांवरचे कवेलू, दारं-चौकटी लोकांनी काढून नेल्या होत्या. नव्या वसाहतीत स्वैपाक मांडला तेव्हा लक्षात आलं की पाटा आला, वरवंटा जुन्या घरीच राहिला. 'मोनूची आई वरवंटा आणायला परत गेली. पाणी तेव्हा अंगणात घोट्याएवढंच होतं. मी बांधाच्या पाळीवर उभा होतो. मी मागून हाक मारली. तिनं वळून पाहिलं आणि हसली.'

प्रकरण तिथे संपत होतं. पुढचं घरात सगळ्यांना माहीत होतं. अंगणात विहीर होती. तिचा कठडा लोकांनी विटांसाठी आधीच फोडून नेला होता, आणि वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं.

५

"झालं तेवढं पुरे," हर्षा स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. ती चांगली बाई होती, फक्त हावरट. तिनं खुणांची खिडकी उघडली आणि स्वतःच्या नावाखालच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. नावाच्या चौकटीत टाइप केलं, मंदा. सगळी पानं तिची तिला दिली आणि सूची काढली.

मंडई, मंदा, मामा तलाव. आता कसं चोख बसलं. हर्षाचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. ज्या नावाला एकही पान नाही, ते नाव सूचीत छापलं जात नाही. हा नियम ती नव्या मुलांना स्वतः शिकवायची.

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. जेवायची वेळ झाली होती. दुकान अर्धं ओढून ती घरी निघाली. आठवडी बाजाराचा दिवस होता. भाजीवालीशी ती दोनदा बोलली, पण बाई दुसऱ्याच गिऱ्हाइकाला तोलत राहिली. गर्दीत असं होतंच.

घराचं दार उघडं होतं. समोरच्या खोलीत वासुदेवराव आणि ललिताबाई जेवायला बसले होते. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, म्हणून ते दुपारी घरी असत. खाली तीन ताटं वाढलेली होती. तिसऱ्या ताटातला भात अर्धा संपला होता.

"कोणी आलं काय?" हर्षानं उंबऱ्यातून विचारलं.

कुणी मान वर केली नाही.

"आत्याबाई, तिसरं ताट कोणाचं?"

ललिताबाईंनी तिसऱ्या ताटात वरण वाढलं. स्वैपाकघरातून बांगड्या वाजल्या, तव्यावर काही चर्रकन पडलं आणि लाखोळीच्या वड्यांचा वास आला. बांगड्यांच्या मागोमाग गुणगुणणं. चाल हर्षाला तोंडपाठ होती. या खेपेला शब्दही नीट ऐकू येत होते, एकही न अडखळता.

वासुदेवरावांनी दाराकडे पाहिलं. "दार कायले उघडं राहिलं?" ते म्हणाले. उठून आले. इतके जवळ आले की त्यांच्या श्वासाचा लसणाचा वास तिला आला. "अहो," ती म्हणाली. त्यांनी तिच्या तोंडासमोर दार लावलं आणि आतून कडी घातली.

आत कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, बाईचा आवाज होता.

"कोणी नाही," वासुदेवराव म्हणाले. "हवा होती."

६

दुकानापर्यंत ती कशी आली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. तिनं पंखा लावला आणि खुर्चीत बसली. ऊन लागलं असेल, असं ती मनाला समजावत होती. घरात पाहुणी आली असेल, ह्यांना झोप अनावर झाली असेल. तेवढ्यात विनोद पाण्याची बाटली घ्यायला आत आला. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं.

"कोणी नाही आणि पंखा चालू," तो पुटपुटला. बटण बंद करून गेला.

भीती होती, नाही असं नाही. पण तिच्या आतून जे उसळून आलं ते भीतीपेक्षा जुनं होतं. माझ्या ओट्यापाशी. माझ्या तव्यावर. माझा नवरा तिच्यासाठी दार लावून घेतो आणि मला हवा म्हणतो. बारा वर्षं राबून मी हवा, आणि ती दोन घटकांत ताट मांडून बसली.

तिनं मंदाच्या नावाखालची पानं एकेक करून परत ओढली. हर्षा, २३. हर्षा, ४१. हर्षा, ७८. हर्षा, ११२. तिथे ती थांबली. एकशे सदुसष्ट तिनं मंदाकडेच ठेवलं. मरण जिचं तिचं, त्यात कसला वाद? तिनं सूची काढली.

मंदा नव्हती. हर्षा, २३, ४१, ७८, ११२, १६७.

तिनं ती खूण पुसली. सूची पुन्हा काढली. १६७. फाइल बंद करून उघडली, मशीन बंद करून सुरू केलं. लाइट गेली, इन्व्हर्टरवर मशीन गुरगुरत राहिलं, स्क्रीनच्या उजेडात तोच आकडा. घ्यायचं तर सगळं घ्यायचं, नाहीतर काहीच नाही.

हर्षानं कपाळावरचा घाम पुसला आणि फाइल सेव्ह केली.

"अरे, वहिनी," विनोद दारातून म्हणाला, "तुम्ही कधी आल्या? दिसल्याच नाही."

घरी गेली तर वासुदेवराव फाटकात उभे होते. "कोठी होती इतक्या वेळ, मोनूची माय? आम्ही जेवायचे थांबलो ना तुझ्यासाठी." आत दोनच ताटं होती, उपडी घातलेली, आणि तिसरं तिच्यासाठी मांडणीवरून काढायचं होतं. चूल गार होती. वड्यांचा वास मात्र घरभर होता.

एकशे सदुसष्टचं तिनं असं ठरवलं: पान आहे ते, पुस्तकातलं. आपण तिकडे फिरकायचंच नाही म्हणजे झालं. पाण्याकडे जायचंच कशाला?

७

छपाईला द्यायच्या आदल्या आठवड्यात वासुदेवरावांनी मुखपृष्ठाचं काढलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, करंजबोडीची जोती उघडी पडतात, त्याचा फोटो हवा होता.

"चाल संग," ते म्हणाले. "मोटारसायकलनं जाऊन येऊ."

"मी नाही येत. पाठ दुखून राहिली."

मग त्यांच्या डोळ्यांतली ती नवी मऊ नजर हळूहळू विझली, आणि हर्षा रोज पाहायची तो जुना, सभ्य, थोडा दूरचा माणूस परत आला.

"बरं, राहू दे," ते म्हणाले. "मी एकटाच जातो. दिवसभर बसतो तिथी, तिच्याजवळ."

शेवटचा शब्द त्यांनी सहज उच्चारला असेल. हर्षा उठली, चांगली तपकिरी साडी नेसली आणि पर्स घेऊन मोटारसायकलच्या मागे बसली. रस्ताभर ती स्वतःला बजावत होती, पाळीच्या खाली उतरायचं नाही. पाळीवर उभं राहायचं, त्यांच्या बाजूला, आणि त्यांना तिच्याजवळ बसू द्यायचं नाही.

पाणी खूप आत गेलं होतं. चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यातून घरांची जोती, एका चुलीचा वैल, कुणाच्या गोठ्याचे दोन दगड वर आले होते. दूर होडीतला एक मासेमार जाळं ओढत होता. वासुदेवराव पाळीवरून बोट दाखवून सांगत होते, हे अमक्याचं घर, ही चावडी, ते आपलं. आपल्या जोत्याभोवती अजून पाणी होतं, पसरट, उथळ, आभाळाच्या रंगाचं.

त्यांनी मोबाइल काढला. दोन फोटो घेतले, नाक मुरडलं. "नुसते दगड दिसून राहिले. माणूस पाहिजे, म्हणजे घर होतं हे समजते." ते तिच्याकडे वळले नाहीत. स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "ती असती तर उभी राहिली असती."

"मी राहते," हर्षा म्हणाली.

पर्स त्यांच्या पायाशी ठेवून ती उतरली. विहीर अंगणाच्या कुठल्या बाजूला हे त्या पानावर नव्हतं, म्हणून ती पाय टेकवून, चाचपून चालत होती. पाणी घोट्याला आलं. जोत्याचा पहिला दगड हाताला लागला आणि ती तिथेच थांबली, इथून एक पाऊलही पुढे नाही, असं ठरवून. तोंड जोत्याकडे, पाठ त्यांच्याकडे होती. मासेमार कुठे दिसेना.

"मोनूची माय," मागून हाक आली.

इतक्या मायेनं त्यांनी तिला कधीच हाक मारली नव्हती. कुणालाही कुणी मारली नसेल. हर्षानं वळून पाहिलं आणि तिला हसू आलं.

"ओ," कोणीतरी म्हणालं.

वासुदेवरावांच्या बाजूला एक बाई वाकून हर्षाची पर्स उचलत होती. तपकिरी साडी. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. चेहरा पदराआड होता. वासुदेवरावांनी मोबाइल तिच्या हातात दिला, काहीतरी दाखवलं, आणि दोघं खालमानेनं फोटो बघू लागली. मग पाठमोरी होऊन मोटारसायकलकडे निघाली. बाईनं एकदा मान किंचित वळवली, तिकडे पाण्यात अजून कोण आहे ते बघायला वळवावी तशी, आणि तिचा पाय झपझप पडू लागला.

हर्षानं एक पाऊल टाकायला उचललं होतं, ते तिला खाली टेकवता येईना. हसू तोंडावरून जाईना. ओरडावं, असं तिला वाटलं. पण त्या पानावर मोनूची आई काही बोलल्याचं वासुदेवरावांनी लिहिलेलं नव्हतं.